जावयाचं घड्याळ

अमडापूरच्या आमच्या शाळेत दयाराम तीस वर्षं शिपाई होता आणि मी कारकून. घंटा द्यायचं काम त्याचं, म्हणून घड्याळही त्याचंच खरं धरलं जायचं. मुख्याध्यापक आले नि गेले, शाळा चालली दयारामच्या मनगटावर. त्यातूनच त्याला घड्याळांचा नाद लागला. एकाची सात झाली. त्याची बायको चांगुणाबाई म्हणायची, "हात दोन अन् घड्याळं सात. उरलेली काय पायात बांधता?"

पण गावाला त्याच्या नादाचा उपयोग होता. कोणाला मुलगी पाहायला जायचं असो, मुलाखत असो की कोर्टाची तारीख, माणूस आधी दयारामकडे यायचा. तो तुमचं मनगट हातात घ्यायचा, वैद्य नाडी धरतो तसं, आणि मग बोलायचा. बारीक मनगटाला मोठी तबकडी नाही. मुलाखतीला साधे आकडे, पांढरी तबकडी, आणि साहेबांसमोर तिच्याकडे बघायचं नाही. मयतीला जाताना घड्याळ काढून खिशात. मी मुलगी पाहायला निघालो तेव्हा माझ्या हातातली सोनेरी चेन त्याने उतरवली आणि स्वतःचा चामडी पट्टा बांधला. "बाबू, पोरीच्या बापाले तुमची नोकरी दिसू द्या. चेन काऊन दाखवता?" लग्न जमलं. पुढचं जे झालं त्याचा दोष मी दयारामला देत नाही.

एका बाबतीत मात्र तो सल्ला देत नसे, सरळ दम भरत असे. चालत्या मशीनजवळ मनगट उघडं पाहिजे. एकदा आम्ही दळण आणायला गेलो, तर गिरणीवाल्याच्या हातात चेनचं घड्याळ. दयाराम चारचौघांत त्याच्यावर ओरडला, "काढ बे ते आधी. मंग दळ." गिरणीवाला वयाने मोठा होता, तरी त्याने मुकाट्याने काढलं.

दयारामची मुलगी धम्मशीला हिचं लग्न ठरलं दुसरबीडच्या चंद्रशेखरशी. नवरदेवाला घड्याळ मुलीकडच्यांनी द्यायचं, ही आपली पद्धत. दयारामने त्यासाठी चिखलीचा बाजार तीन वेळा पालथा घातला. जावयाचा हात रुंद, कष्टाचा, सावळा. त्याला पोलादी चेन आणि गर्द निळी तबकडी शोभेल, असं त्याने ठरवलं. लग्नानंतर अंग भरतं म्हणून चेनीची एक कडी जास्त ठेवली. मांडवात चंद्रशेखरने ते बांधलं तेव्हा दयाराम मला कोपराने ढोसून म्हणाला, "पाह्य, कसं बसलं." घड्याळ खरंच छान दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तो लेकीला भेटायला दुसरबीडला गेला. चंद्रशेखरच्या शेतात सोयाबीन काढायचं चाललं होतं. मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्या दिवशी एक मजूर आला नाही, म्हणून चंद्रशेखर स्वतःच यंत्राच्या तोंडात सोयाबीन लोटायला उभा राहिला. सासऱ्यासाठी निंबाखाली खाट टाकली होती. खाटेवरून दयारामला त्याच्या हातातली चेन उन्हात चमकताना दिसली.

तो काही बोलला नाही. पुढे त्याने मला सांगितलं, "तीनदा तोंडाशी आलं, बाबू. पन जवाई होते ना." चार मजुरांदेखत जावयाला काही सांगायचं नाही. त्यात आपणच दिलेली वस्तू उतरव म्हणायचं, म्हणजे दिलेलं परत मागितल्यासारखं. गिरणीवाल्याला बे म्हणणारा माणूस जावयापुढे गप्प बसून चहा पीत राहिला. मला या जावईमानाची अशी चीड येते, की काय सांगू.

चेनीत काड्या अडकल्या. यंत्राने डावा हात आत ओढला. हडंबा बंद होईपर्यंत मनगट राहिलं नव्हतं.

त्यानंतर दयाराम घड्याळाविषयी बोलेनासा झाला. कोणी विचारायला आलं तर म्हणायचा, "कोनतंही घाला." दीड वर्ष तो एकच वाक्य पोटात घेऊन फिरला. आपण बघितलं होतं आणि बोललो नाही, हे त्याला जावयाला सांगायचं होतं. दर वेळी धीर खचायचा. शेवटी या उन्हाळ्यात तो मला सोबत घेऊन निघाला.

चंद्रशेखरने आता रस्त्यालगत किराणा दुकान टाकलं आहे. आम्हाला पाहून तो उठला, एका हाताने खुर्च्या सरकवल्या आणि डावी बाही ओढून घेतली. धम्मशीलाने पाणी आणलं. दयारामने ते तसंच खाली ठेवलं.

"जवाईबापू, त्या दिवशी तुमच्या हातातली चेन मी पाह्यली होती. सुरुवातीपासून. मी बोललो नाही."

चंद्रशेखर परत खाली बसला. मग म्हणाला, "मामा, चेन घालून मशिनीवर जाऊ नाही, हे का मले समजत नव्हतं? ते घड्याळ पेटीतच राहे. त्या दिवशी तुमी येनार होते. म्हनलं, मामानं दिलेलं हातात दिसलं पाह्यजे."

त्याने सांगून टाकायचं ठरवलं असावं, कारण थांबला नाही.

"मजूर आला नाही तवा काढाले गेलो होतो. तुमी खाटेवरून इकडेच पाहून राह्यले होते. तुमच्या समोर कसं काढाव?"

धम्मशीला दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. दयाराम उठला, चपला घातल्या आणि बससाठी रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून तो दुसरबीडला गेलेला नाही. धम्मशीला फोन करते, तो तब्येतीची कारणं सांगतो. परवा तिने मला फोन केला. "काका, बाबाले म्हना, तुमी येता म्हनून आता आमी काहीच वेगळं करनार नाही. अंगावरच्या कपड्यावर राहू. पन या."

मी निरोप सांगायला गेलो. तो ओट्यावर बसला होता. सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "मी गेलो का ते मानूस माहा मान राखाले जाते, बाबू. आता एकच हात राह्यला त्यायचा."