धुतलेलं मीठ

आमच्या वहिनींनी स्वस्तातलं मीठ आणलं आणि घरात खोटं सांगितलं, ही गोष्ट आमच्या नात्यात तीस-पस्तीस वर्षं सांगितली गेली. लग्नकार्यात कुणी जेवताना मीठ मागितलं की हमखास निघायची. ती गोष्ट खरी नाही. ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आरोग्य खात्यात लागलो. आधी हिवतापाची फवारणी, मग गावोगाव फिरून माहिती देण्याचं काम. सिंदी रेल्वे या बाजाराच्या गावापासून केळझरकडची दहा-बारा गावं माझ्याकडे होती. आमचं गावही त्यातच. पावसाळ्यात हगवणीची साथ यायची, तेव्हा आम्हाला सांगायला दिलेल्या गोष्टी ठरलेल्या होत्या : पाणी उकळा, हात धुवा, भाजी धुवा, फळं धुवा. या यादीत मीठ नव्हतं. मीठ मी घातलं.

त्याला कारण होतं. सिंदीला मिठाची पोती दुकानाबाहेर रस्त्यालगत पडलेली असत. मीठ कुणी चोरत नाही, म्हणून ती रात्रंदिवस बाहेरच. एकदा मी तिथं सायकल टेकवून उभा होतो आणि एका कुत्र्यानं त्या पोत्यावर पाय वर केला. दुकानदारानं हाड म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच पोत्यातलं मीठ मापून दिलं. दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी ती हकीकत सांगितली आणि म्हणालो, खडे मीठही धुऊन घेत जा. टोपल्यात घ्यायचं, वरून दोन तांबे पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, उन्हात वाळवायचं.

बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मीठ धुतलं तं उरीन काय बापा? उद्या म्हणशीन, पाणीबी धुऊन प्या!"

पण कुत्र्याची गोष्ट लागू पडली. वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ घरांत मीठ धुतलं जाऊ लागलं. सगळ्यात आधी आमच्या घरी. वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, केळझरच्या बाजूची. सांगितलेलं काम सांगितलं त्याहून नीट करणारी. मी दोन तांबे म्हटलं होतं, त्या चार ओतत. वाळलेलं मीठ बरणीत पांढरं शुभ्र दिसे. बाहेरगावच्या बायका आल्या की मी मुद्दाम ती बरणी दाखवायला सांगे.

वहिनींची दोन मुलं पोटातच गेली होती. एक पाचव्या महिन्यात, एक दिवस भरल्यावर. गळा किंचित सुजलेला होता. गळ्यातली पोत आवळते म्हणून त्यांनी ती दोनदा नव्यानं ओवून लांब करून घेतली. अशा गळ्याच्या बायका त्या भागात बऱ्याच होत्या. कुणी तो आजार समजत नसे. मीही समजत नव्हतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्हाला आयोडीनच्या मिठाचं प्रशिक्षण मिळालं. आयोडीन कमी पडलं तर गळ्याला गाठ येते, गर्भ टिकत नाही, झालेल्या मुलाच्या कानावर, बुद्धीवर परिणाम होऊ शकतो; म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते मिळालंच पाहिजे, असं डॉक्टरांनी समजावलं. सिंदीच्या दुकानांत आयोडीनच्या मिठाची, वर चिठ्ठी शिवलेली नवी पोती आली होती. जुनं साधं मीठही शेजारीच होतं, थोडं स्वस्त. आम्हाला एकेक लहान बाटली मिळाली. मिठावर थेंब टाकायचा. निळं झालं तर आयोडीन आहे, पांढरं राहिलं तर नाही.

वर्ग चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर वहिनींचा गळा होता. त्यांना तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना. घरी येऊन मी सांगितलं, चिठ्ठीच्या पोत्यातलंच मीठ आणा. त्या स्वतः सिंदीला जाऊन घेऊन आल्या.

दोन आठवड्यांनी मी पहिला प्रयोग आमच्याच अंगणात ठेवला. बाहेर कुठं फजिती व्हायला नको म्हणून घर निवडलं. आठ-दहा बायका आपापलं मीठ वाटीत घेऊन आल्या. माय होती, माहेरपणाला आलेली माझी बहीण होती. शेजारच्या काकूंचं मीठ मळकट, त्यात बारीक काड्या. त्यांच्या स्वयंपाकघराला मी नेहमी नावं ठेवायचो. थेंब टाकला, मीठ निळं झालं. आणखी दोघींचं निळं झालं. एकीचं नाही; तिनं जुनंच मीठ असल्याचं कबूल केलं. मग मी वहिनींची वाटी पुढे ओढली.

पांढरं राहिलं. मी दुसरा थेंब टाकला. तरी पांढरंच.

"हे तं जुनंच दिसते," काकू म्हणाल्या.

"नाई काकू, चिठ्ठीचंच हाय," वहिनी म्हणाल्या. "मी माह्या डोयानं पोतं पाह्यलं."

"मंग माह्या घाणेरड्या मिठाले काऊन रंग चढला वो?" काकूंनी विचारलं आणि सगळ्या हसल्या.

माय हसली नाही. "स्वस्ताचं आणलं असंल तं सांगून टाक. कोणी मारून नाई राह्यलं तुले."

"आत्याबाई, खोटं काऊन बोलू मी?" वहिनी सासूला म्हणाल्या.

"बाटली काय खोटं बोलते?" बहीण म्हणाली. "सरकारी बाटली हाय ते, वहिनी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं टोपण लावत होतो. मी म्हणालो, "जाऊ द्या. पुढच्या वेळी नीट पाहून आणा."

माझं एवढंच वाक्य होतं. पण ते बोलल्यावर विषय संपला आणि वहिनी खोट्या ठरल्या. संध्याकाळी भावानंही त्यांना एकदा म्हटलं, "खरं सांग."

चार दिवसांनी मी सिंदीला त्या दुकानात गेलो. वहिनींनी ज्या पोत्यातून मीठ घेतलं होतं ते अजून अर्धं होतं. दुकानदारानं तेच दाखवलं. थेंब टाकला तर गडद निळं. मूठभर मीठ कागदात बांधून घेतलं, आरोग्य केंद्राच्या मागच्या नळावर धुतलं, दगडावर वाळवलं, थेंब टाकला. जवळजवळ पांढरं. आयोडीन खड्यांच्या वरवर लावलेलं असतं. पहिल्या पाण्यातच बरंचसं जातं.

डॉक्टरांना विचारलं, "साहेब, मीठ धुतलं तर?"

ते म्हणाले, "मीठ कोण धुतं?"

"बायका धुतात," मी म्हणालो. "सवय असते त्यांची."

सगळ्या बायका आणि सगळी गावं मी त्या एका उत्तरात अडकवली आणि स्वतः बाहेर राहिलो. डॉक्टर म्हणाले, मग सगळीकडे सांगा, धुऊ नका म्हणून. मी सांगितलं. बाहेरच्या प्रत्येक गावात म्हणालो, वरून आदेश आला आहे. हे आधी कुणी सांगितलं होतं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, माहीत नाही.

आमच्या गावात आणि आमच्या घरी मात्र सांगितलं नाही. बाहेरच्या गावांत ती वाटी कुणी पाहिलेली नव्हती. घरी 'धुऊ नका' म्हटलं असतं तर वहिनींना क्षणात उमगलं असतं, आणि त्यांनी मायसमोर ते बोलून दाखवलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी तीन महिने काढले. तोवर मायनं मीठ आणण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. आणलेलं मीठ धुण्याचं काम त्यांच्याकडेच होतं.

सातव्या महिन्यात एक दिवस वहिनींनी ताट वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, मीठ धुऊ नाई म्हणतात. दुसऱ्या गावची बाई सांगत होती. खरं काय?"

मी म्हणालो, "हो. नवीन आलंय."

"नवीन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून मीठ धुणं बंद झालं.

मुलगी झाली. जगली. दोन वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे आमच्या लक्षात आलं नाही. मी स्वतः तिला नागपूरला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, अशा गोष्टीला कारणं बरीच असतात, हिच्या बाबतीत कोणतं ते सांगता येणार नाही. हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं कधी मन खाऊ लागलं की तेच वाक्य स्वतःला ऐकवत असे. ते खोटं नाही. पण त्यात त्या अंगणाबद्दल काहीच नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

माय गेली. भाऊ गेला. वहिनी आता पिपरी मेघेला मुलीकडे राहतात. मुलगी शिवणकाम करते, तिच्याकडे दोन बायका कामाला आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी तिथं गेलो आणि सांगितलं. पुतणी समोर बसली होती. ती ओठ वाचते. मान खाली घालून बोललं की मला हात लावून वर बघायला लावते. त्यामुळे सगळं मान वर ठेवूनच सांगावं लागलं. ती सगळं वाचून झाल्यावर उठली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन बराच वेळ चाललं नाही.

वहिनी म्हणाल्या, "पोट्टीचं मिठानं झालं का देवानं केलं, ते डाक्टरलेच ठाऊक नाई. त्याचं तुम्ही काय सांगान मले? पण मले खोटारडी तुम्ही केलं, भाऊजी."

मी म्हणालो, "हो."

"आत्याबाईले सांगतलं होतं काय, जायच्या आधी?"

"नाही."

"आन् यायले?" म्हणजे माझ्या भावाला.

"नाही."

त्या मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते? मले तं ठाऊकच होतं मी कोणतं मीठ आणलं ते. तिथं ज्या हासल्या त्याइले सांगा."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं केळझरला बहिणीकडे गेलो. तिनं चहा ठेवला. वहिनींनी कप हातात घेतला नाही. "आधी भाऊजीचं आयका," म्हणाल्या. मी कुत्र्यापासून सुरुवात केली आणि दगडावर वाळवलेल्या मिठापर्यंत सांगितलं.

बहीण म्हणाली, "म्हणजे मीठ तेच होतं?"

"तेच होतं."

"असू दे दादा. लय वर्षं झाले. आता काढून काय करतं?" मग वहिनींकडे वळून ती म्हणाली, "तूबी तवा जोरानं काऊन नाई बोलली वो?"

"बोलली होती, बाई," वहिनी म्हणाल्या. "तुमी हासून राह्यल्या होत्या."

बहिणीनं पदर तोंडाला लावला. वहिनींनी तिच्याकडे पाहत कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्या दिवशी अंगणात असलेल्यांपैकी शेजारच्या काकू अजून आहेत, सेलूला मुलाकडे असतात. त्यांना आता नीट दिसत नाही, ऐकू मात्र येतं. वहिनींनी त्यांचा पत्ता काढला आहे.