पोलादपूरच्या करवंट्या आणि आमची सोडियमची बॅटरी

आमच्या सरांना कोकण म्हटलं की नारळ दिसतो, दुसरं काहीच दिसत नाही. त्यामुळे 'कोकणातल्या करवंट्यांपासून सोडियम-आयन बॅटरी' ही स्लाइड आधी तयार झाली आणि करवंट्या आणायला मला नंतर धाडलं. पोलादपूर रायगडात, रायगड कोकणात, म्हणजे माडांच्या बागा असणारच! तिथे डोंगर आहेत, भात आहे, नाचणी आहे, नारळ मात्र महाडच्या बाजारातून विकत आणावा लागतो, हे मी सांगून पाहिलं. सर म्हणाले, "निगेटिव्ह विचार करू नकोस."

आमच्या प्रयोगशाळेतल्या संतोषची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. तिथे सोलर पॅनेल आहे, पंप आहे, पण बॅटरी मेलेली, आणि एकटं पॅनेल काही पंप ओढत नाही. बायका उतारावरच्या झऱ्यावरून पाणी वाहतात. सरांनी वाडीला शब्द दिला होता: वर्षभर करवंट्या जमवा, त्यांतून बनेल ती पहिली बॅटरी तुमच्या पंपाला.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. पुण्याहून वाई, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी सहाला निघालात तर अकराच्या आत पोचाल. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीवाल्यांकडे ढुंकून बघू नका, उरलासुरला माल पर्यटकांच्या गळ्यात मारायचा तो हंगाम असतो. घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या द्या, हॉर्न वाजवून उपयोग नाही. पोलादपूरच्या नाक्यावर वडापाव खा. ठेचा मागा, न मागता देत नाहीत. पुढचा रस्ता अर्धा डांबरी, अर्धा देवाच्या भरवशावर.

वाडीत संतोषच्या वत्सलाकाकू वाटच बघत होत्या. मी टेकायच्या आधीच विचारलं, "काकू, करवंट्या कुठे ठेवल्यात?"

"भाजल्या ना."

"भाजल्या म्हणजे?"

"तुमाला कोळसाच करायचा व्हता ना? मग तिकडं नेऊन परत मेहनत कशाला? आमच्या रामभाऊनी राबातच भाजलान."

त्यांचे दीर रामभाऊ शेजारी हाताची घडी घालून उभे होते, काम फत्ते केल्याच्या थाटात. राब म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायची. शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हळूहळू धुमसू द्यायचं. गेल्या वर्षभरातले सगळे सत्यनारायण, सगळी लग्नं आणि ग्रामदेवतेपुढे फोडलेला प्रत्येक नारळ त्या राबात गेला होता. माझ्या पुढ्यात होती शेणाच्या राखेत माखलेल्या काळ्या तुकड्यांची चार पोती.

आमची अडचण अशी. बॅटरीच्या ज्या टोकाला सोडियम मुक्कामाला येतो, तो अ‍ॅनोड. लिथियमवाल्यांचं ग्रॅफाइट तिथे चालत नाही, सोडियम त्याच्या थरांत शिरतच नाही. त्याला वेडावाकडा, भोकाभोकांचा कार्बन लागतो, जो करवंटीतून निघतो. पण तो स्वच्छ लागतो, शेण-माती लागलेला नाही.

मी चिडले. "वर्षभराची मेहनत मातीत घातलीत," असं बोलून गेले. रामभाऊंचे हात खाली आले. काकूंनी माझ्यापुढे तांब्या ठेवला, "आधी पाय धू, बाय." त्यातलं पाणी त्यांनी अर्धा तास चढून आणलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि पाय मी न धुता तसेच ठेवले.

जेवण मात्र झकास. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कैरीची चटणी. वाढता वाढता काकूंनी विचारलं, "मग पंपाची बॅटरी नाय यायची?"

"येईल," मी म्हटलं. कशाच्या जोरावर, ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महाड. तिथल्या एका कारखान्यातून इलेक्ट्रोलाइटसाठी द्रावक घ्यायचं होतं. इलेक्ट्रोलाइट म्हणजे बॅटरीच्या पोटातला रस, ज्यातून सोडियम या टोकाकडून त्या टोकाला ये-जा करतो. त्यात पाण्याचा एक थेंब गेला की आम्लं तयार होतात आणि खेळ खल्लास. फाटकावरच्या रखवालदाराने दोन तास बसवलं, तेव्हा कुठे कॅन हाती आला. मग एसटी स्टँडजवळ दीडशेची थाळी खाल्ली आणि थोडा वेळ चवदार तळ्याच्या काठी टेकले. या पाण्याला नुसता हात लावता यावा म्हणून माणसांना इथे केवढं लढावं लागलं. आणि मी पाण्याच्या थेंबाला भिणारा कॅन गाडीत सीटबेल्ट लावून बसवला होता.

पुण्यात पोत्यांतला कोळसा आम्लाने धुतला, भट्टीत तेराशे अंशांवर तापवला आणि घटात, म्हणजे बॅटरीच्या सेलमध्ये, भरला. नवं मडकं पहिलं पाणी आपणच पितं, तसा हा कार्बन पहिल्या चार्जिंगला थोडा सोडियम गिळून बसतो. त्यानंतर मात्र तो असा चालला की विकत आणलेला कार्बन मागे पडला. मातीखाली, हवेशिवाय, हळू भाजणं हेच त्याला मानवलं होतं. सरांनी नवी स्लाइड केली, 'मर्यादित वायू पूर्वप्रक्रिया'. तिच्यात सर होते, मी होते, संतोषसुद्धा होता. रामभाऊ नव्हते.

बॅटरी तयार झाली आणि संस्थेच्या गेटवर बसवली गेली. ती तिथलं कारंजं चालवते. शेजारी पाटी आहे: 'ग्रामीण पाणीटंचाईवर उपाय'. मी म्हटलं, "सर, ही बॅटरी वाडीची आहे." सर म्हणाले, "वाडीत बघायला कोण येतंय?"

प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर डिकीतला राबाचा वास, तीन वेळा धुऊनही जात नाही. आणि घाट खरंच सुंदर आहे, जरूर जा. माझं मात्र पुन्हा जायचं धाडस होत नाही. परवा काकूंचा फोन आला.

"बाय, झाली का गो बॅटरी?"

"झाली, काकू."

"चालते?"

"चांगली चालते. इथे गेटवर कारंज्याला लावलीय."

"कारंजा काय करतो?"

"पाणी वर उडवतं. ते परत खाली पडतं."

"मग ता भरून कोण नेतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.