बिनभोकाची पानं

साखराबाईच्या अंगणात एका पानाला भोक दाखवा, अशी पैज त्या गावात कुणीही लावली असती आणि जिंकलीही असती. चाकूरच्या फाट्यावर एसटीतून उतरून थोडं चाललं की गाव, आणि गावात शिरताना उजव्या हाताला तिचं घर. दारात झेंडूची रांग, पलीकडे मोगरा, वृंदावनात तुळस, ओट्याला लागून कढीपत्ता. सकाळी सडा-सारवण झालं की बाई पदर खोचून एकेका झाडापाशी बसायची. पानं उलटीपालटी करायची. अळी दिसली रे दिसली की चिमटीत धरून चुलीतल्या राखेत, आणि वरून कापसावर मारायची पावडर भुरभुरायची. खाणारं तोंड तिला खपायचं नाही. म्हणजे माणसांना ती आग्रह करकरून वाढायची, उपाशी कुणाला जाऊ द्यायची नाही. पण तिनं वाढलेलं, तिच्या ओट्यावर बसून खावं. आपल्या मनानं येऊन कुणी तोंड लावलेलं तिला चालत नसे.

ओट्यावर सासऱ्यांची बाज असायची. दगडोबा एकेकाळी बैलाला लोळवणारा गडी, पण अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. नजरही अधू झाली. रंग असला, हलणारं काही असलं तर दिसायचं, बाकी सगळा धूर. साखराबाईच्या पोरी नांदायला गेलेल्या, नवरा शेषेराव दिवसभर रानात, तोंडातून शब्द काढायचा तर जणू दात काढायचा. राहिले घरात सून आणि सासरा. ती त्यांना न्हाऊ घालायची, भाकरी कुस्करून भरवायची, आणि दिवसभर बाजेवरून हाक यायची, "साखरा." पाणी हवं, साखरा. ऊन आलं, साखरा. काहीच नको असलं तरी साखरा. ती कुरकुरायची, म्हातारं जीव खातंय म्हणून शेजारणींना सांगायची, आणि हाक यायला जरा उशीर झाला तर चुलीपुढून उठून डोकावून बघायची. खरं सांगायचं तर त्या हाकेवर तिचा दिवस चालायचा.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी हापिसं उघडली आणि धाकटा दीर व्यंकटी त्यातल्या एका हापिसात शिपाई म्हणून लागला. लातुरात खोल्यांची भाडी आभाळाला भिडलेली, म्हणून त्यानं आपल्या वाटणीच्या जागेत दोन खोल्या काढल्या, मध्ये कमरेएवढी मातीची भिंत घातली, बायकोला तिथं ठेवलं आणि आपण रविवारी येऊन-जाऊन राहू लागला. बायको पंचफुला, देगलूरच्या पलीकडची. अर्धी मराठी, अर्धी तेलुगू, आणि कायम हसरी. साखराबाईच्या डोळ्यात ती पहिल्या दिवसापासून खुपली.

आणि तिनं अंगणात लावलं काय, तर रुई. न्हाणीचं पाणी जिथं साचायचं तिथं रुईचं झाड आपसूक उगवलेलं, ते उपटायचं सोडून हिनं त्याला आळं केलं. माळावरून तरवड आणून लावला. कुंपणाला घाणेरी. कोपऱ्यात एरंड. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उकिरड्यावरची झाडं कुणी दारात लावतं का, असं साखराबाईनं भिंतीवरून विचारलं. पंचफुला म्हणाली, आमच्या आजीच्या दारात हेच असायचं, अक्का, आणि दुष्काळात हेच टिकतं.

आणि टिकलं की. सलग पाऊस दगा देत होता. विहिरीचा तळ उघडा पडला, टँकर आला तर आला. साखराबाई भांड्यांचं खरकटं पाणी झेंडूला घालायची तरी झेंडू माना टाकून उभा. सगळं रान तांबडं झालं आणि पंचफुलाचं दळभद्री अंगण तेवढं हिरवं. मग झालं असं की शिवारात जेवढं म्हणून उडणारं होतं तेवढं तिथं गोळा झालं. नारिंगी फुलपाखरं, काळ्या काठाची. पिवळी, लिंबाच्या फोडीएवढी. रुईच्या फुलांवर चिमणीहूनही बारीक, निळं चमकणारं पाखरू चोच खुपसून लटकायचं. पाखरू खाली, पाखरू वर, भिंतीवर, दोरीवरच्या लुगड्यावर.

एका सकाळी दगडोबांनी मान वळवली. भिंतीच्या पलीकडे काहीतरी नारिंगी हललं होतं. बराच वेळ ते तिकडे टक लावून राहिले, आणि मग म्हणाले, "साखरा, माझी बाज तिकडं ने."

नेली. नेईल नाही तर काय करील? बाजेचं एक टोक तिनं उचललं, दुसरं पंचफुलानं. त्या दिवसापासून म्हातारा सकाळ-संध्याकाळ पंचफुलाच्या अंगणात. जेवण साखराबाईनं भरवायचं, न्हाऊ तिनंच घालायचं, आणि हसायचं मात्र तिकडं. पंचफुला फुलपाखराला सीताकोक म्हणायची, तिच्या आजीच्या भाषेत. चार दिवसांत दगडोबाही सीताकोक म्हणायला लागले. ज्या माणसाला घास आपण भरवला, त्याच्या तोंडात शब्द तिचा! साखराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती रात्री शेषेरावला म्हणाली की तुमच्या भावजयीनं म्हाताऱ्यावर काहीतरी करणी केली. शेषेराव कूस बदलून झोपला.

मग बाईनं ठरवलं, आपणही दाखवू. व्यंकटीला गाठून फर्मान सोडलं, लातुरात नव्या साहेबांच्या बंगल्यांत जी झाडं लावतात ती आण. बिचाऱ्यानं रोपवाटिकेतून क्रोटन आणलं, रंगीत पानांचं, शोभेचं. गुलाबाचं एक कलम आणलं. साखराबाईनं प्यायच्या घागरीतलं पाणी त्यांना घातलं, आपण घोटभर कमी प्यायली. पावडर तर रोजची. गुलाबाला कळी आली, फुललं, अख्ख्या गल्लीनं नावाजलं. एक नारिंगी फुलपाखरू भिंत ओलांडून आलं, गुलाबावर टेकलं न टेकलं आणि परत गेलं. साखराबाई ओट्यावर हातात लोटा घेऊन उभी होती. दहीभात मांडून पाहुणा दारातून परत जावा तसं तिला झालं.

शनिवार आला. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायचा तिचा नेम, सासूपासून चालत आलेला. पानं ती ओढ्याच्या काठावरून आणायची. पण त्या शनिवारी पंचफुला टँकरच्या रांगेत होती, दगडोबांना डुलकी लागलेली, आणि रुई भिंतीच्या पलीकडं हाताच्या अंतरावर उभी. देवाचंच काम आहे, साखराबाई स्वतःशी म्हणाली. पहिलं पान तोडताना ती खरंच देवासाठी तोडत होती. पुढची मात्र ओरबाडली. फांद्या मोडल्या, फुलं तोडली, झाडाचा खराटा केला. पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, शिंगं असलेल्या अळ्या होत्या. त्या तिनं सवयीनं चपलेखाली घेतल्या. माळ एवढी मोठी झाली की मारुतीच्या पायापर्यंत लोंबली. गुरव म्हणाला, बाई, आज काही मोठा नवस दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून पाखरं कमी झाली, आणि एक-दोन दिवसांत रुईपाशी घिरट्या घालणारं नारिंगी काही उरलं नाही. पंचफुलानं कुणाशी भांडण केलं नाही, नुसती खुंटाला पाणी घालत राहिली. दगडोबांनी दोन दिवस वाट बघितली आणि बाज परत ओट्यावर न्यायला सांगितली.

हवं होतं ते झालं. साखराबाईनं बाज झटकून, धडपं बदलून टाकली, गूळ घालून कण्या केल्या. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला. कण्यांचा एक घास खाल्ला आणि मान फिरवली. ती चुलीपुढं कान देऊन बसली. पाण्याला हाक नाही. उन्हाला हाक नाही. दिवस मावळला तरी साखरा म्हणून कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तिनं मुद्दाम तांब्या लांब ठेवून बघितला. ते तहानलेले पडून राहिले, पण हाक मारली नाही.

पुढच्या शनिवारी ती ओढ्यावरची पानं घेऊन देवळात गेली. जुनी माळ मारुतीच्या गळ्यात वाळून कोळ झालेली. ती उतरवायला हात लावला आणि थबकली. एका वाळक्या पानाच्या पाठीला बारीक टरफल लटकत होतं, फुटलेलं, आणि त्याला धरून एक नारिंगी फुलपाखरू लोंबकळत होतं. अंग ओलं, पंख चुरगळलेले, बाळंत्यातल्या पोरासारखं. शेंदराच्या अंगावर नारिंगी पाखरू, पटकन दिसेना. बघता बघता पंख पसरले, काळा काठ उमटला, आणि ते गाभाऱ्यातून उजेडाकडं उडून गेलं. साखराबाईला त्या पट्ट्यांच्या अळ्या आठवल्या. आपल्या चपलेखालच्या. आणि इतक्या वर्षांच्या चुलीतल्या राखेतल्या.

घरी आली ती भिंतीपाशीच गेली. पंचफुला खुंटाला न्हाणीचं पाणी घालत होती. खुंटाला बारके कोंब फुटलेले. साखराबाई नुसतं रुईकडं बोट दाखवून उभी राहिली.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं, अक्का," पंचफुला म्हणाली. "मारुतीच्या गळ्यात माझंच झाड व्हतं की. मामांना म्या शेळीनं खाल्लं म्हणून सांगितलं."

"का सांगितलंस तसं?"

"ते तुमच्या हातचं जेवतेत. तुमच्यावरनं मन उडालं तर कुणाच्या हातचं जेवतील?"

घ्या. साखराबाईला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. झाड हिचं, पाखरं हिची, म्हातारा हिचा, आणि आता चांगुलपणातही हीच पुढं. डोळ्यात पाणी आलं, ते लाजेचं किती आणि जळफळाटाचं किती, तिलाही सांगता आलं नसतं. ती घरात गेली.

सकाळी सवयीनं कढीपत्त्याची पानं उलटली. एका पानावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी. निरखून बघितलं तर ते चालत होतं. चिमूट पुढं गेली आणि तशीच राहिली. मग बाईनं इकडं तिकडं बघितलं, पावडरीचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि भाकरी थापायला बसली. कुणाला सांगितलं नाही. शेषेरावला नाही, पंचफुलाला तर मुळीच नाही. अळी फुगली, हिरवी झाली, पानं फस्त करत सुटली. साखराबाईच्या अंगणात भोकं पडली आणि ती रोज मोजल्यासारखी बघायची. वरणाला कढीपत्त्याशिवाय फोडणी बसू लागली. शेषेराव त्यावर एक अख्खं वाक्य बोलला, तरी तिनं एक पान तोडलं नाही. पुढं अळी काडीला टांगून घेऊन निपचित झाली. तेव्हा तर बाई शेजारच्या कोंबड्यांवर लाठी घेऊन राखण करायला बसली.

एका सकाळी टरफल काळपट दिसलं. तिनं एकटीनं, दगडोबांसकट, बाज ओढत ओढत कढीपत्त्यापाशी नेली. म्हाताऱ्याचं तोंड वळवलं आणि उशाशी बसली. टरफल उकललं. पिवळं-काळं, बुडाशी तांबडा ठिपका असलेलं ओलं पाखरू बाहेर आलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं हळूहळू हललं. दगडोबांचा डावा हात उठला.

"साखरा," ते म्हणाले.

किती दिवसांनी आली ती हाक. "ओ, मामा," ती म्हणाली.

"पंचफुलाला बोलीव. तिला दाव."

साखराबाईनं ते ऐकलं. नीट ऐकलं. भिंतीपलीकडं पंचफुला अंगण झाडत होती, खराट्याचा आवाज येत होता. पण पाखराचे पंख अजून ओले होते, म्हाताऱ्याचा हात तिच्या हातात होता, आणि अंगणात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. दगडोबांनी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा तसंच केलं. पंख वाळले, एकदा मिटले, एकदा उघडले. तेव्हा कुठं साखराबाई उठून भिंतीपाशी गेली आणि जावेला हाक मारली.