पायलटच्या उजव्या हाताला

माझे वडील हेलिकॉप्टरात बसले होते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि आमच्या घरी ते जवळजवळ आडनावासारखं वापरलं जायचं. लग्नाकार्यात कुणी ओळख करून देताना म्हणायचं, "हे आमचं पावणं, हेलिकॉप्टरात बसलेलं." मग वडील किंचित मान झुकवायचे आणि समोरचा माणूस त्यांच्याकडे नव्यानं बघायचा. सभा-समारंभांना माइक आणि कर्णे भाड्यानं देणं हा त्यांचा खरा धंदा, पण ओळख करून देताना तो दुसऱ्या नंबरवर यायचा. कधी कधी यायचाच नाही.

गोष्ट अशी होती. नव्वदीच्या सुरुवातीच्या एका निवडणुकीत गारगोटीला मोठी सभा झाली आणि साउंड आमचा होता. पुढारी हेलिकॉप्टरनं आले, बोलले आणि कुणाच्या तरी घरी जेवायला गेले. मैदानात उरले पायलट, पोलीस आणि वायरी गुंडाळणारे माझे वडील. वडिलांनी पायलटला माठातलं पाणी दिलं, गप्पा रंगल्या आणि पायलट म्हणाला, चला, एक चक्कर मारू. पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर असं फिरवायला कोण देईल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ओळख निघाली की काहीही होतं, यावर आमच्या गावाचा ठाम विश्वास आहे.

"पायलटच्या उजव्या हाताला बसलो होतो मी," वडील सांगायचे आणि उजवा हात खुर्चीच्या बाहेर सोडायचे, जणू तिथं खाली काही नाहीच. पुढं उसाची शेतं यायची, रुमालाएवढा मांडव यायचा. वर्षागणिक ती चक्कर मोठी होत गेली. आधी नुसती मैदानावरून होती, मग नदीपर्यंत गेली आणि मी सहावीत पोचेपर्यंत हेलिकॉप्टर राधानगरीच्या धरणाला वळसा घालून येऊ लागलं. पायलटचा उजवा हात मात्र कधी बदलला नाही.

रविवारी सकाळी वडिलांच्या कोल्हापुरातल्या दुकानात हेलिकॉप्टरवाल्यांची बैठक भरायची. उद्यमनगरात फौंड्री असलेले एक काका, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारे चाचा आणि कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले सर. वडील धरून चौघं. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूनं घरघर ऐकू आली की चौघंही हातातले कप घेऊन रस्त्यावर यायचे आणि नुसत्या आवाजावरून हेलिकॉप्टर कुठलं ते सांगायचे. चौघांची उत्तरं चार असायची. तेवढ्यात हेलिकॉप्टर दिसेनासं व्हायचं, त्यामुळे चारही उत्तरं बरोबर राहायची.

पण बैठकीचं मुख्य काम म्हणजे एकमेकांना गुगली प्रश्न टाकणं. त्याचे नियम होते. एकदा दिलेलं उत्तर मागं घ्यायचं नाही, चुकलं तरी पुढच्या रविवारपर्यंत ते लढवायचं. आणि प्रश्नाला उलटा प्रश्न टाकला आणि विचारणाराच त्यात अडकला, तर मूळ प्रश्न बाद. हवेत इंजिन बंद पडलं तर काय, हा नवख्या माणसासाठी ठेवणीतला प्रश्न होता. नवखा हमखास म्हणायचा, दगडासारखं खाली. मग त्याला समजावलं जायचं की पंखा वाऱ्यानं फिरत राहतो आणि भिंगरीसारखं अलगद उतरवता येतं. आणि हे समजावण्याचा आनंद चौघं आलटून पालटून घ्यायचे.

एकदा सरांनी विचारलं, हेलिकॉप्टर कोल्हापूरवर एका जागी थांबवलं आणि खालून पृथ्वी फिरत राहिली, तर काय होईल? फौंड्रीचे काका म्हणाले, चहा संपायच्या आत खाली रत्नागिरी येईल. चूक आहे हे त्यांना दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं, पण नियम तो नियम. आठवडाभर ते फौंड्रीतल्या माणसांनाही रत्नागिरीच सांगत होते. पुढच्या रविवारी चाचांनी त्यांना घेरलं. "मग एष्टीत शिरलेली माशी मागच्या काचेवर का आपटत न्हाय?"

"ती तिकीट काढून बसती," काका म्हणाले.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते, हे बरोबर उत्तर सर त्यानंतर बराच वेळ सांगत होते, पण ते कुणी ऐकलं नाही. त्या दुकानात बरोबर उत्तराला फारशी किंमत नव्हती.

मी इंग्रजी माध्यमात शिकत होते. दुकानात माझं मराठी धड्यातल्यासारखं वाटायचं, म्हणून मी ते वापरतच नसे. चहा ओतायचा, खारीची पिशवी फोडायची आणि कोपऱ्यात स्पीकरच्या खोक्यावर पुस्तक घेऊन बसायचं. "तुमची पोरगी मुकी हाय व्हय?" असं काका दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे. त्यांना उत्तर नको असायचं आणि मला द्यायचं नसायचं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

आठवीत असताना शाळेच्या ग्रंथालयात मला विमानांवरचं एक पुस्तक सापडलं. त्यात हेलिकॉप्टर उभं चिरून आतलं सगळं दाखवलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, पण बहुतेक हेलिकॉप्टरांत तो उजवीकडे बसतो. मी ते दोनदा वाचलं. मला आधी पुस्तकाचीच चूक वाटली.

दुकानात गल्ल्याच्या वर एक चौकट टांगलेली होती. त्या सभेचा पेपरात आलेला फोटो. हेलिकॉप्टर समोरून टिपलेलं, धूळ उडालेली, कडेला आमचे कर्णे. वडिलांनी तो खरं तर कर्ण्यांसाठी चौकटीत घातला होता. काचेआड काळा चष्मा लावलेला पायलट दिसत होता, फोटोच्या डाव्या बाजूला. त्या दिवशी वडील गिऱ्हाइकाकडे गेले होते. मी फोटोकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं, म्हणजे पायलट बसतो तशी, आणि माझा उजवा हात बाहेर काढला. फोटोत डावीकडे दिसणारा माणूस आत उजवीकडेच बसलेला होता. त्याच्या उजव्या हाताला फक्त दार होतं. वडील जिथं बसल्याचं सांगत होते, तिथं बसायचं तर त्यांना दाराबाहेर बसावं लागलं असतं.

म्हणजे वडिलांनी सगळी चक्कर या फोटोवरून मारली होती. समोर उभं राहून त्यांनी पायलटला डावीकडे पाहिलं आणि स्वतःला त्याच्या उजवीकडे बसवलं. रोज गल्ल्यावर बसून बघितलेला फोटो, पण एकदाही उलट्या बाजूनं बघितलेला नाही.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तोवर गावात मोठे डीजेवाले आले होते आणि आमचे कर्णे बारशाला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला तेवढे जात होते. धंद्यातलं वजन गेलं तरी हेलिकॉप्टरचं शिल्लक होतं. तेही गेलं असतं तर वडील फक्त जुने कर्णेवाले उरले असते आणि ते मला बघवलं नसतं. भीती एकाच प्रश्नाची होती. जगातले सगळे प्रश्न विचारणारी ही माणसं कधीतरी विचारणार की पायलट कुठल्या बाजूला बसतो? आणि मग सगळे वडिलांकडेच बघणार. त्या रविवारपासून मी बैठक चुकवली नाही. पुस्तक उघडं असायचं, पण मी पहारा देत होते. प्रश्न आला तर काय करायचं, हे मात्र मी ठरवलेलं नव्हतं.

शाळा संपली, मी कॉलेजात गेले, दुकानात पहिला मोबाइल आला. प्रश्न आला नाही.

मग एका रविवारी सर आपल्या नव्या जावयाला घेऊन आले. जावई पुण्याचे, घरी संगणक आणि त्यावर हेलिकॉप्टर उडवण्याचा खेळ. त्यांना चांगली खुर्ची देण्यात आली. जावई असल्यामुळे त्यांची टिंगल करता येत नव्हती आणि त्यामुळे बैठकीचा निम्मा जीव आधीच गेला होता. वर त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. इंजिन बंद पडलं, भिंगरी. पृथ्वी फिरली, हवाही फिरते. शेपटीचा पंखा कशाला, तर अंग गरगरू नये म्हणून. काका प्रत्येक वेळी "व्हय जावईबापू" म्हणत होते आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता. शेवटी कंटाळून तेच म्हणाले, आता तुमीच इचारा.

"सोपाच विचारतो," जावई म्हणाले. "हेलिकॉप्टरात पायलट कुठल्या बाजूला बसतो?"

चाचा रिकाम्या कपात चमचा फिरवू लागले. काका म्हणाले, पायलट हाय त्यो, त्याला बसायचं तिथं बसंल की, आपण कोण इचारणार? सर जावयाला म्हणाले की हा फारच सोपा आहे, दुसरा काढा. सरांना सोपे प्रश्न फार आवडायचे. सोप्या प्रश्नातच माणूस सापडतो, असं ते नेहमी म्हणायचे.

"सोपा आहे, पण सगळे चुकतात," जावई म्हणाले. "विमानासारखंच वाटतं ना." मग ते वडिलांकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही तर शेजारी बसला होतात."

वडिलांचा उजवा हात खुर्चीबाहेर गेला होता, सवयीनं. तो त्यांनी हळूच मांडीवर आणून ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला हिशेब दिसला. त्यांनी 'चुकतात' आणि 'विमानासारखंच' हे दोन्ही शब्द ऐकले होते आणि त्यातून डावी बाजू बाद होत होती.

"कुठून बघून?" मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जावयांनी विचारलं, म्हणजे?

"बाजू कुणाची धरायची? आत बसणाऱ्याची की समोर उभं राहून बघणाऱ्याची? समोरून बघितलं तर उलटं दिसतं." माझं मराठी धड्यातल्यासारखंच बाहेर आलं, पण आलं.

"आत बसणाऱ्याचीच. अर्थात," जावई म्हणाले.

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. "अर्थात कसं?" काका जवळजवळ उठलेच. "इचारताना तसं बोलला न्हाईसा." चाचांनी नदीचा डावा काठ काढला, मग स्टेजची डावी बाजू, मग न्हाव्याच्या आरशातली. आणि सर, ज्यांचा तो स्वतःचा जावई होता, शांतपणे म्हणाले, "प्रश्न अपुरा आहे. पेपरात आला असता तर सर्वांना मार्क द्यावे लागले असते." जावयांना उत्तर देता येईना. नियमानं मूळ प्रश्न बाद झाला. त्यानंतर तासभर डाव्या-उजव्यावर भांडण झालं आणि पुण्याच्या जावयांची पहिल्यांदाच मनसोक्त टिंगल झाली. वडीलही त्यात दोन वाक्यं बोलले.

कप विसळताना माझ्या लक्षात आलं की ते तिघं फार लवकर धावून आले होते. याच फोटोसमोर बसून त्यांनी पंख्याची पाती मोजली होती, धुळीवरून वारा कुठला ते ठरवलं होतं, चाकांवरून दोन रविवार भांडण केलं होतं. काचेआडच्या माणसाबद्दल मात्र कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पायलट कुठं बसतो, हा प्रश्न त्या दुकानात कुणीही विचारला नव्हता. पहाऱ्यावर मी एकटीच आहे, असं मी समजत होते. माझ्याआधीपासून तिघं जण तिथं होते आणि त्यांनी पुस्तकाचा आडोसाही घेतला नव्हता. काका जाताना वडिलांना म्हणाले, "मुकी न्हाय की ओ ही." एवढंच.

घरी येताना मी स्कूटरवर मागे होते. ताराराणी चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर वडील मान न वळवता म्हणाले, "त्या जावयाचं बरोबर होतं काय गं?"

"बहुतेक हेलिकॉप्टरांत पायलट उजवीकडे बसतो," मी म्हणाले. "पण काही अशीही आहेत, ज्यात डावीकडे बसतो." हे खोटं नव्हतं. आठवीनंतर मी ते मुद्दाम शोधून वाचलं होतं.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. वडिलांनी गिअर टाकला.

"आमचं त्यातलं होतं," ते म्हणाले.

"असणारच," मी म्हणाले.