बाईंची हाक

गुडीहत्नूरच्या रस्त्याला, सोयाबीन निघालेल्या शेतात आम्ही दर रविवारी आपापली कुत्री शिकवायला जमतो. तिथे शाळेतल्या एक बाई येतात. आधी ओढणी कमरेला बांधतात, चपला बांधावर काढून ठेवतात आणि मग असा हुकूम सोडतात की पलीकडच्या शेतातले बैलही थांबावेत. माझा आवाज चार माणसांत फुटत नाही. त्यामुळे त्या आपल्या कुत्र्याला "ये" म्हणाल्या की माझी कुत्री राणीही त्यांच्याकडेच पळते.

"काऊन वो ताई, हे बी मायीच का आता?" म्हणून त्या हसतात. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी राणीशी बोलत नाही.

परवा पहिली परीक्षा झाली. एकाचं कुत्रं काम करत असताना दुसऱ्याच्या कुत्र्याने लांब, न हलता पडून राहायचं असतं. राणी पडून होती. बाईंनी आपल्या कुत्र्याला एकाच हाकेत बोलवायचं होतं. त्यांनी एकदा राणीकडे पाहिलं आणि अगदी हळू "ये" म्हटलं. वारा होता. त्यांचा कुत्रा जागचा हलला नाही, नापास झाला. राणीही हलली नाही, म्हणून ती पास झाली.

"मॅडम, आवाज काऊन नाई काढला?" शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

"गळा बसला, सर."

थोड्याच वेळापूर्वी त्यांनी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला शेतातूनच हाक मारली होती.

इतके दिवस मी त्यांच्या आवाजावर जळत होते. आता राणीचं पास होणंही त्यांनीच दिलेलं आहे, आणि ते आम्हा दोघींनाच ठाऊक आहे.