अकरा नावांचं पोस्टकार्ड

आधीच सांगते, अल्बमचं नाव सांगणार नाही. ते माझं आहे. तेव्हा त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, म्हणून ही कंजुषी.

पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची बरी चाललेली नोकरी सोडून मी नवऱ्यामागे जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला आले, ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. तो सकाळी साडेसातला यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, पकडून म्युनिकच्या ऑफिसला जायचा, लॅपटॉपही घेऊन जायचा. घरी इंटरनेट जोडणारा माणूस 'पुढच्या महिन्यात' येणार होता. तीन महिने तो पुढच्याच महिन्यात येत होता! मी दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचे. खिडकी उघड, खिडकी लाव, धुतलेलीच भांडी परत धू. रविवारी सासूबाईंचा फोन यायचा, "काय करतेस गं दिवसभर?" मी म्हणायचे, "काही नाही आई, मजेत." मजेत कसली डोंबलाची! डोकं फुटायची वेळ आली होती.

जर्मनच्या क्लासमधल्या बाई म्हणाल्या, रेडिओ ऐका, कान तयार होतो. म्हणून जुन्या बाजारातून एक रेडिओ आणून ओट्यावर ठेवला. बातम्या कळायच्या नाहीत. हवामान तेवढं कळायचं, पण ते खिडकीतूनही दिसत होतंच. बटण फिरवता फिरवता एकदा विद्यापीठातल्या मुलांचं स्टेशन लागलं. दर गुरुवारी चार वाजता एक मुलगी यायची. प्रत्येक वाक्याआधी 'आल्झो', म्हणजे आपलं 'तर', म्हणायची, भलतीच सीडी लावायची, स्वतःच हसायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

एका गुरुवारी तिनं ते गाणं लावलं. मी कांदा चिरत होते. खरखरीत गिटार, जरा उशिरानं येणारे ड्रम, आणि गाणारा असा की शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच भांडतंय. सूर धड लागत नव्हता आणि त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली बाई. आमच्या गुरुजींनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. पण माझ्या आत दिवसभर जे नुसतं फिरत राहायचं, ते मला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आलं. तिनं त्याच अल्बममधली लागोपाठ तीन गाणी लावली. मी सुरी हातात धरून तशीच उभी. शेवटी तिनं नाव सांगितलं ते इतक्या भरभर की माझ्या पदरी काहीच पडलं नाही.

शनिवारी नवऱ्याला ओढत म्युनिकमधल्या सीडीच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाला चाल गुणगुणून दाखवली. माझ्या गळ्यातून ती भजनासारखी निघाली, काय करणार! तो बिचारा सभ्यपणे "या, या", म्हणजे त्यांचं "हो, हो", करत राहिला. नवरा हळूच पलीकडच्या रांगेत सटकला, जशी काही मी त्याची कुणी लागतच नाही. परतताना म्हणाला, "अगं, एवढं काय आहे त्या गाण्यात?" मला सांगता येईना. सांगता येईना म्हणून मी त्याच्यावरच चिडले.

स्टेशनला फोन करायची छाती नव्हती. जर्मनमध्ये समोरचं माणूस उलटं काय विचारेल याचा नेम नाही. मग सुचलं, कार्ड टाकू! मिरजेला लहानपणी रेडिओला फर्माईश पाठवायचं खातं माझ्याकडेच असायचं. त्याची एक रीत असते. वर एका ओळीत गाणं, खाली नावं, थोरल्यांपासून धाकट्यांपर्यंत. कुणाचं राहिलं तर महिनाभर रुसवा. मी रीतसर लिहिलं: मागच्या गुरुवारी चार-वीसला लावलेलं गाणं कृपया परत लावा आणि अल्बमचं नाव हळू सांगा. खाली सासरे, सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली, नणंद, नवरा. मग माझे आईबाबा आणि भाऊ. कार्ड गच्च भरलं. फार दिवसांनी एखादं काम पुरं केल्यासारखं वाटलं.

दोन गुरुवार रेडिओला चिकटून बसले. दुसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, "आल्झो, आज आम्हाला चक्क पोस्टकार्ड आलंय!" आणि एकेक नाव वाचायला लागली. सासऱ्यांच्या नावाचे तिनं चार तुकडे केले. मी ओट्यापाशी उभी राहून मराठीत ओरडत होते, "अगं, तसं नाही गं बाई!" हसून हसून पोट दुखलं. तिला वाटलं, ही अकरा माणसं गार्चिंगच्या एकाच घरात रेडिओभोवती बसलीत. म्हणाली, एवढं मोठं कुटुंब आमचं ऐकतंय, तर ऑफिसात या अल्बमची एक जास्तीची सीडी आहे, उद्या पाचपर्यंत कुणीतरी येऊन घेऊन जा. मग तिनं अल्बमचं नाव सांगितलं. हळू, दोनदा.

शुक्रवारी तीनलाच निघाले. कॅम्पस पंधरा मिनिटांवर, पण मी जवळजवळ पळतच गेले. तळघरात एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि ती. माझ्यापेक्षा लहान होती, सर्दी झालेली. मला बघून तिनं सीडी आणि कार्ड दोन्ही पुढे केलं आणि नाक पुसत विचारलं, "या अकरांतली तू कोणती?"

मी कार्ड घेऊन बोट ठेवायला गेले. वरून खाली वाचलं. परत एकदा वाचलं. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या दारावरच्या घंटीवर होतं तेच लिहिलं होतं, नवऱ्याचं आडनाव. मी कुठेच नव्हते. कुणी मला वगळलं नव्हतं. माझ्याच हातानं, वळणदार अक्षरात लिहिलेलं कार्ड होतं ते. मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"मी यात नाहीये," मी म्हणाले. "पण लिहिलंय मी. गाणं मलाच हवं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरचं पेन सरकवलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. मग लिही की."

खाली तसूभर जागा नव्हती. मी सासऱ्यांच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिलं.