बंद करणारे नाना

टीव्ही चालू ठेवण्यासाठी जगलेले केबलवाले पुष्कळ असतील, पण टीव्ही बंद करण्यासाठीच ज्याने केबलचा धंदा काढला असावा असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या सोनगीरच्या गल्लीत अगदी समोर राहत होता. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. गच्चीवर मोठी छत्री, पुढच्या खोलीत यंत्रांनी भरलेलं कपाट आणि त्या कपाटात एक काळं बटण. ते खाली पडलं की आख्ख्या गल्लीच्या पडद्यावर मुंग्या. गल्लीत कोणी वारलं की अंत्ययात्रा परत येईपर्यंत मुंग्या. कोणाकडे बाळंतीण अडली की सुटका होईपर्यंत मुंग्या. एकदा क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला असताना शेजारची म्हातारी गेली. नानांनी बटण पाडलं. चिडून आलेल्या पोरांना ते शांतपणे म्हणाले की सामना उद्या पेपरात येईल, म्हातारी येणार नाही. पोरं निमूटपणे खांदा द्यायला गेली.

आठच्या मालिकेच्या वेळी घरोघरी दूध उतू जातं, अशी तक्रार एकदा गल्लीतल्या पुरुषमंडळींनी आणली. दुसऱ्या दिवसापासून ऐन रडारडीच्या प्रसंगात पडद्याच्या तळाशी नानांची पट्टी फिरू लागली, 'बायांनो, दूध पहा'. स्वतः मात्र ते काहीच पाहत नसत. संध्याकाळी हातात पक्कड घेऊन गल्ली फिरायचे आणि दारादारातून येणारे आवाज ऐकायचे. गल्लीतल्या तांबटांची ठोकठाक थांबली की टीव्हींचे आवाज सुरू होत, आणि कोणत्या घरातून कोणता आवाज यायला हवा हे त्यांना पाठ होतं. एखादं घर दोन दिवस गप्प राहिलं की नाना उंबऱ्याशी उभे राहून विचारत, "दोन दिनथून तुमना आवाज नही, बठ्ठं बरं शे ना?" बहुतेक वेळा टीव्हीच बिघडलेला असे. पण दोनदा घरात माणूस आजारी सापडलं आणि एकदा रुसून माहेरी निघालेली सून. तिन्ही वेळा नानांनी चहा घेतला आणि प्रकरण मार्गी लावूनच उठले.

माझ्या दहावीला वडील त्यांच्याकडे गेले आणि आमची तेवढी केबल महिनाभर तोडा म्हणाले. नानांनी विचार केला. आमची तोडली तरी शेजारचे आवाज भिंतीतून येणारच, म्हणून त्यांनी महिनाभर संध्याकाळी सात ते दहा सगळी गल्लीच बंद ठेवली. त्या वर्षी गल्लीत दहावीला मी एकटीच होते. बायकांनी मला दिलेले शाप मी अजून विसरलेले नाही. नाना सगळ्यांना एकच सांगत, "एक पोर शिकी ऱ्हायनी, थोडं सोसा." गल्लीने सोसलं. मी पास झाले, शिकले, पुण्याला नोकरीला लागले.

मधल्या काळात चौकात मोबाईल कंपन्यांच्या रंगीत छत्र्या लागल्या. मोबाईलची कार्डं फुकट, महिनोन्‌महिने इंटरनेट फुकट, वर टोपी भेट. नाना रांगेत माझ्या वडिलांच्या मागेच उभे होते. जो फुकट देतो त्याला आपलं काहीतरी पाहिजे असतं, हे त्यांनी तिथेच बोलूनही दाखवलं आणि टोपी घालून घरी आले. मग एकेक घर गप्प होत गेलं. नाना विचारायला जात, तर घरातली माणसं ठणठणीत असत, चार कोपऱ्यांत चार मोबाईल घेऊन बसलेली. चहा विचारायलाही कोणी मान वर करीना. नानांची केबल आजही गल्लीवरून गेलेली आहे. तिच्यावर पाटलीणबाईंचे टॉवेल वाळतात.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले, तेव्हा समोर नानांच्या पत्नी अक्का दारातच माझी वाट पाहत होत्या. मला वाटलं झोका बांधायचा असेल. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. नाना आरामखुर्चीत मोबाईल घेऊन बसले होते, चहावर साय धरली होती. "उनी का बेटा?" म्हणाले आणि पुन्हा खाली बघू लागले. मालिकेचा एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होत होता. अक्का मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "माणूस घरमा शे आनि मी एकली. तुन्या दहावीले त्यास्नी बठ्ठी गल्ली बंद ठेवी. आते तू त्यास्ना मोबाईल बंद करी दे."

मी नानांसमोर बसले आणि स्पष्ट सांगितलं. ते ओशाळले. उठून त्यांनी मोबाईल त्या जुन्या कपाटात ठेवला आणि दार लावलं. पुढचे दोन दिवस त्या घरात माणसं बोलत होती. अक्कांनी धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते पहिल्यांदाच सगळं सांगितलं, नानांनी सोबत यायचं कबूल केलं. पुरणपोळीवर आमरस वाढताना अक्का हसत होत्या. गल्ली बंद करणाऱ्या नानांनी फक्त एक चूक केली होती. कपाट बंद केलं होतं, मोबाईल चालूच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपाटातून टिंग झालं. नानांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "दोन दिवसांपासून तुमचा आवाज नाही, सगळं बरं आहे ना?"

पुण्यात माझी नोकरी हीच आहे. नाना पाहत होते ते मालिकांचं ॲप आमच्याच कंपनीचं, आणि ते सोडून गेलेल्या माणसांना परत आणणारी मराठी वाक्यं मी लिहिते. बैठकीत सांगतात की लोकांना घरचं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे. घरचं माणूस म्हटल्यावर मला नानाच आठवले. ते वाक्य सगळ्यांत जास्त चाललं, माझी पाठ थोपटली गेली, आणि कोणाचं वाक्य आहे हे मी कोणालाच सांगितलं नाही. नानांना ते स्वतःचं आहे हे ओळखूही आलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. "इतला उंबरा फिरनू मी," ते अक्कांना म्हणाले, "मना दारशी कोनी उनं नही. यास्नी इचारं."

मला राहवेना. मी म्हणाले, "नाना, तिकडे कोणी माणूस नाही. यंत्र पाठवतं ते सगळ्यांना. वाक्य मी लिहिलंय, आणि तेही तुमचंच उचलून."

मला वाटलं आता ते रागावतील, मोबाईल फेकतील, काळं बटण पाडायचे तसं काहीतरी करतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"तू लिखं? मंग तं घरनंच शे," ते म्हणाले. "उत्तर देनंच पडी."

आणि त्यांनी बोटाने ते ॲप उघडलं. अक्का कप उचलून आत गेल्या.

पुण्याला आल्यावर मी ते वाक्य काढायला सांगितलं. साहेब हसले, चालतंय ते कशाला काढायचं म्हणाले. मीही फार भांडले नाही, याची मला लाज वाटते. अक्कांना डोळ्यांसाठी धुळ्याला माझे वडील घेऊन गेले. आता दर रविवारी मी नानांना फोन करते, सगळं बरं आहे ना, असं खरंखुरं विचारते. ते पहिल्याच घंटीला उचलतात आणि मला धीर देतात, "काळजी करू नको बेटा. तुन्हं काम बुडू देत नही मी. रोज पाहस." आणि मी पुढे काही बोलायच्या आत पुढचा भाग सुरू झाल्याचं संगीत ऐकू येतं.